जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, सपाटीला ठीक पण चढाला दम तोडते (कोल्हापूर)

नवी_जुनी_गाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी एक वापरलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पासिंगची आहे, हिरवी नंबरप्लेट, २०२० चं मॉडेल, मीटरवर १४ हजार किलोमीटर. सीटखाली ६० व्होल्टची, २४ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, काढून घरात नेता येते. मागच्या चाकात हब मोटर. रोजचं काम राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर.

पहिला महिना तक्रार नव्हती. आता सकाळी घरातून निघताना गाडी बरी ओढते, संध्याकाळी परत येताना पुलिंगच राहत नाही. सपाटीला ४०-४२ चा वेग मिळतो, चढ लागला की १५ वर येते. एका चार्जिंगमध्ये विकणाऱ्यानं ६० किलोमीटर सांगितलं होतं, मला जेमतेम ३५ मिळतात.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. परवा संध्याकाळी आईला टेंबलाईच्या देवळात घेऊन चाललो होतो. टेकडीच्या चढावर गाडी आधी मंद झाली आणि मग जागेवर थांबली. मागून गाड्या येत होत्या, आई मागं बसलेली, तिचे गुडघे दुखतात म्हणून पटकन उतरताही येईना. त्या दिवसापासून तिला गाडीवर बसवायची भीती वाटते. जवळच्या एका दुकानात दाखवली. त्यांनी काहीही न तपासता सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका, ४२ हजार. एवढे पैसे आत्ता नाहीत. आणि घातलेच तर दोष नक्की बॅटरीतच आहे हे तरी कळायला हवं. घरात साधा मल्टिमीटर आहे, तो वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

रंकाळा_फेरी

दादा, माझ्या भावाच्या गाडीला अगदी हेच झालं होतं. बॅटरी बदलल्यावर गाडी नव्यासारखी पळाली. पाच वर्षांची बॅटरी म्हणजे तिचं आयुष्य झालं. उगाच फिरत बसू नका.

साधा_फिटर

भावा, घाई करू नको. गाडी बंद पडती तवा डिस्प्ले बी बंद हुतो, का डिस्प्ले चालू ऱ्हातो आन् नुसती मोटर थांबती? एवढं आधी सांग. ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक हाय.

डिस्प्ले, लाईट, हॉर्न सगळं एकदम गेलं तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसनं (सेलची राखण करणाऱ्या बोर्डानं) तोडलं, न्हाईतर मधी कुठं जोड सुटला. डिस्प्ले जिवंत आन् मोटर मेली तर कंट्रोलरनं (मोटरीला करंट सोडणाऱ्या डब्यानं) हात वर केले. त्याला व्होल्टेज कमी मिळतंय, न्हाईतर तो तापलाय, न्हाईतर ब्रेकचा स्विच अडकलाय आन् त्याला वाटतंय ब्रेक दाबल्याला हाय.

दुसरं. गाडी डबल स्टँडला लाव, चावी बंद कर, मागचं चाक हातानं फिरव. किती फेरे घेतं बघ. हवा बी बघ. हे फुकटचं काम हाय, पैले ते.

नवी_जुनी_गाडी

काका, नीट आठवून सांगतो. बहुतेक वेळा डिस्प्ले चालू राहतो, मोटर ढेपाळते आणि थांबते, एक्सलेटर सोडून अर्धा मिनिट थांबलं की परत ओढते. टेंबलाईला मात्र सगळंच गेलं, डिस्प्लेसकट. चावी बंद करून, सीटखालची एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा मेन स्विच) खाली-वर केल्यावर परत चालू झाली. असं सगळं जाणं आजवर दोनदाच झालंय, दोन्ही वेळा संध्याकाळी आणि डबल सीट.

चाक फिरवलं. दीड फेरा घेऊन थांबलं! मागच्या टायरात हवा १८ पीएसआय, टायरजवळच्या स्टिकरवर ३२ लिहिलंय. ब्रेकची केबल ताणलेली होती, ड्रमला लायनर घासत होतं. केबल सैल केली, हवा भरली, आता चाक सहा-सात फेरे घेतं. आज एक चार्जिंग संपवून बघितलं, चार किलोमीटर वाढले. चढाचं दुखणं मात्र जसंच्या तसं.

ओमचा_नियम

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. तुमच्या गाडीचं दुखणं मला ओळखीचं वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चढाला काय होतं ते आकड्यात बघू. गाडी आणि दोन माणसं मिळून २३० किलो धरा. सहा टक्के चढ, म्हणजे १०० मीटर गेल्यावर ६ मीटर वर. वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. नुसतं वजन वर उचलायला सुमारे ७५० वॅट लागतात. टायरची घसट आणि वारा यांचे आणखी दोनशे धरा. मोटर आणि कंट्रोलर मिळून चढाला सगळी ताकद चाकापर्यंत पोचवत नाहीत, कमी वेगात तर जास्तच वाया जाते. म्हणजे बॅटरीतून तेराशे ते सोळाशे वॅट ओढले जातात. ६० व्होल्टला ते २२ ते २७ अँपिअर होतात. सपाटीला हीच गाडी सात-आठ अँपिअरवर पळते.

आता ओमचा नियम: पडणारे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध. वाटेत कुठंही ०.१ ओहमचा अडथळा असेल तर ८ अँपिअरला तिथं ०.८ व्होल्ट पडतात, तुम्हाला कळतही नाही. २८ अँपिअरला तिथंच २.८ व्होल्ट पडतात आणि ७८ वॅटची उष्णता तयार होते. सपाटीला ठीक आणि चढाला दम तोडते याचा अर्थ बहुधा एवढाच की वाटेत कुठंतरी रोध वाढलाय. तो बॅटरीच्या आत असू शकतो, बाहेरच्या वायरिंगमध्ये असू शकतो. दुकानदारानं बॅटरीचं नाव घेतलं तेव्हा हे दोन्ही वेगळे मोजले नव्हते.

उभ्या गाडीत मीटर लावून "६६ व्होल्ट आहेत, बॅटरी चांगली" असं म्हणण्यात काही अर्थ नाही. व्होल्टेज लोडवर, म्हणजे मोटर ओढत असताना मोजायचं. तेही दोन ठिकाणी, एकदा बॅटरीच्या तोंडाशी आणि एकदा कंट्रोलरच्या तोंडाशी. दोन्हीतला फरक म्हणजे वायरिंगमध्ये हरवलेलं व्होल्टेज.

करायचं असं. दोन बारीक वायर घ्या, प्रत्येकीत बॅटरीच्या टोकालाच एक अँपिअरचा फ्यूज घाला, म्हणजे वायर कुठं घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. त्या वायर सीटखालून बाहेर काढून मीटरला जोडा. मीटर मागं बसलेल्या माणसाच्या हातात. चालवणाऱ्यानं फक्त रस्ता बघायचा. रहदारी नसलेला चढ निवडा. करंटसाठी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा) लागेल, आणि तो डीसी मोजणारा हवा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त एसी मोजतात, ते इथं शून्य दाखवतील.

हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. ६० व्होल्टचा झटका बसला नाही तरी पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो वितळतो.

बावड्याचा_पंप

मॅडम, उत्तम समजावलंत. एक विचारतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ६० व्होल्टच्या बॅटरीला किती दाखवायला पाहिजे? माझी ६९ दाखवते, तुम्ही वर ६६ लिहिलंत ते कसं?

ओमचा_नियम

आत कोणत्या जातीचे सेल किती, यावर आहे. लिथियमच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट. असे १६ एकापुढे एक असतील तर ६७.२, सतरा असतील तर ७१.४. लोह-फॉस्फेट प्रकारात एक सेल ३.६५ ला भरतो आणि चार्जर काढल्यावर थोडं उतरून स्थिरावतो. चार्जरच्या मागच्या स्टिकरवर आउटपुट किती लिहिलंय ते बघा, त्यावरून आत काय आहे ते कळतं.

नवी_जुनी_गाडी

चार्जरवर ६७.२ लिहिलंय. चार्जर बॅटरीला न जोडता मोजला, ६७.१ आले. पण हिरवा दिवा लागून तासभर झाल्यावर बॅटरी ६६.५ च दाखवते. हा फरक महत्त्वाचा आहे का? क्लॅम्प मीटर शोधतोय, रविवारी मोजतो.

कृष्णाकाठ

जरा वेगळं विचारतो. गाडी कुठल्या गावातून घेतली?

नवी_जुनी_गाडी

शिरोळ तालुक्यातून. नदीपासून लांब नाही गाव.

कृष्णाकाठ

मला तीच शंका होती. मी पण तिकडचाच. २०२० ची गाडी म्हणजे जुलै २०२१ चा पूर तिनं बघितला असणार. आमच्याकडं त्या वेळी दुचाकी सहा-सहा दिवस पाण्यात होत्या. पेट्रोलच्या गाडीचं ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला की ती सुरू व्हायची. इलेक्ट्रिक गाडी नुसती वाळवली की सुरू होते, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. पण पुराचं पाणी म्हणजे गाळ, शेतातलं खत, सांडपाणी. ते जोडांच्या आत शिरतं आणि वर्ष-दोन वर्षांनी तांब्यावर हिरवा थर येतो.

विकणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनाही माहीत नसेल. पण फ्लोअरबोर्ड उघडा, चेसीच्या पाइपमध्ये बोट घालून बघा. आणि बॅटरी त्या वेळी कुठं होती हे त्यांना फोन करून विचाराच. बॅटरी पाण्यात होती असं कळलं तर तपासल्याशिवाय घरात चार्जिंगला लावू नका. आत ओल शिरलेली लिथियम बॅटरी महिनोनमहिने नीट चालू शकते आणि एक दिवस पेटू शकते.

नवी_जुनी_गाडी

कृष्णाकाठ दादा, तुमचे आभार कसे मानू! फ्लोअरबोर्डचे सहा स्क्रू काढले. खालच्या खाचेत बोटभर वाळलेला गाळ निघाला, बारीक, काळपट. कंट्रोलरकडं जाणाऱ्या जाड वायरच्या जोडावर हिरवट पावडर. एमसीबीच्या खालच्या स्क्रूजवळचं प्लॅस्टिक पिवळं पडून थोडं वाकलेलं आहे, सीटच्या बाजूनं ते दिसतच नव्हतं.

आधीच्या मालकांना फोन केला. अगदी मोकळेपणानं बोलले. पाणी फ्लोअरबोर्डच्या वर आलं होतं, दोन दिवस गाडी तशीच होती. बॅटरी मात्र त्यांच्या मुलानं आदल्या रात्रीच काढून माळ्यावर नेली होती. हे ऐकून जिवात जीव आला.

साधा_फिटर

आता बोललास मुद्द्याचं! पिवळी पडल्याली एमसीबी म्हंजे तिथं भट्टी लागली व्हती. मी उद्यमनगरात तीस वर्सं ऑइल इंजिन, मोटरा, पंप केले. आता पोरगं ह्या बॅटरीच्या गाड्या करतंय, मी बसतो त्याच्याजवळ. दहा गाड्या पुलिंग न्हाई म्हणून आल्या तर तीन-चार अशाच निघत्यात. बॅटरी ठणठणीत आन् वाटंवरचा जोड सडल्याला.

एमसीबी नवी घेताना डीसीचीच घे. घरातल्या बोर्डाची एसीची मिळती स्वस्तात, ती घालू नको. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझती. डीसीची ठिणगी सहजी विझत न्हाई, ती वढत ऱ्हाती. शॉर्ट झाला तर एसीची एमसीबी आतनं जळू शकती, तोडंलच आसं न्हाई. आन् काही डीसी एमसीबीवर प्लस-मायनसची खूण असती, ती बघून जोड.

पण बदलायच्या आधी मॅडमनी सांगितलंय तसं मोज. मोजल्याबिगर बदललंस तर नेमकं काय बरं झालं ते कळणार न्हाई.

नवी_जुनी_गाडी

आज मोजलं. क्लॅम्प मीटर साधा_फिटर काकांनी दिला, त्यांच्या मुलानं सोबत येऊन वायर लावून दिल्या. सकाळी सहाला टेंबलाईचाच चढ घेतला, मागं माझा मेहुणा मीटर धरून, मोबाइलवर व्हिडिओ काढत. पूर्ण चार्ज बॅटरी.

उभी असताना ६६.५. चढावर करंट २८ अँपिअर, तेव्हा बॅटरीच्या तोंडाशी ५८.९, कंट्रोलरच्या तोंडाशी ५४.९.

मग मीटर नुसत्या एमसीबीच्या दोन टोकांना लावून परत तोच चढ घेतला. एमसीबीवर १.९ व्होल्ट. तिच्या पुढच्या हिरव्या जोडावर १.६. उरलेला अर्धा व्होल्ट वायरमध्ये.

कंट्रोलरच्या स्टिकरवर "अंडर व्होल्टेज ५२" असं लिहिलंय.

ओमचा_नियम

तुम्ही फार नीट मोजलंत. आता हे आकडे बघू या.

वायरिंगमध्ये ४ व्होल्ट हरवतात. २८ अँपिअरला ४ व्होल्ट म्हणजे ११२ वॅट. सोल्डरिंग गनएवढी उष्णता तुमच्या सीटखाली तयार होत होती. प्लॅस्टिक पिवळं पडलं ते यामुळे.

बॅटरीच्या आत ७.६ व्होल्ट पडतात. भागिले २८, म्हणजे साधारण ०.२७ ओहम. पाच वर्षांच्या बॅटरीत वयानं रोध वाढणारच, पण हा जरा जास्त आहे.

संध्याकाळी बॅटरी अर्धी झाली की उभ्या गाडीत साधारण ६० असतील. त्यातून ७.६ गेले, ४ गेले, कंट्रोलरला उरले ४८ आणि थोडे. त्याची मर्यादा ५२. तो थांबणारच. तुम्ही एक्सलेटर सोडला की करंट शून्य, व्होल्टेज परत ६०, म्हणून अर्ध्या मिनिटानं गाडी चालू होते. सकाळी चालते आणि संध्याकाळी का नाही, याचं उत्तर याच वजाबाकीत आहे.

वायरिंग दुरुस्त केल्यावर कंट्रोलरला ५२ च्या आसपास मिळेल. काठावरचं गणित आहे. एकट्यानं जाताना चालेल, डबल सीटला परत अडेल असं मला वाटतं. आणि टेंबलाईला डिस्प्लेसकट जे सगळं गेलं ते कंट्रोलरमुळं झालेलं नाही. तिथं बीएमएसनं तोडलं असणार. तेव्हा वायरिंग करा, पण बॅटरीकडं परत यावं लागेल.

शाहूपुरी_नाका

धागा वाचतोय, मधेच विचारतो त्याबद्दल क्षमा. माझी बिनपासिंगची छोटी गाडी आहे, २५ च्या वेगाची. ती चढालाच काय, सपाटीलाही मधेच झटका देऊन सुटते. खड्डा आला की जास्त. बॅटरी नवी आहे. हेच दुखणं का?

साधा_फिटर

न्हाई, तुजं वेगळं हाय. खड्ड्यात सुटती म्हंजे कुठंतरी बारीक सिग्नलची वायर हलती. पैले ब्रेकच्या दांड्यातले दोन्ही स्विच बघ. एक-एक कनेक्टर काढून गाडी चालवून बघ, पर जपून, रिकाम्या मैदानात. ब्रेक चालतोच, नुसता मोटर तोडायचा सिग्नल जात न्हाई. मग एक्सलेटर. त्याला तीन वायरी. लाल-काळ्यात पाच व्होल्टच्या जवळपास पाहिजे. तिसरीवर मूठ सोडल्याली असताना एक व्होल्टच्या आत-बाहेर, पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास. मूठ हळूहळू पिळताना आकडा उडी मारत आसंल तर मूठ बदल, लई महाग न्हाई. तेबी ठीक आसंल तर मोटरीतनं येणारा पाच बारीक वायरींचा कनेक्टर, हॉल सेन्सरचा (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारा). पाऊस लागून तिथं गंजतंय.

शाहूपुरी_नाका

डाव्या ब्रेकचा स्विच काढला आणि झटके थांबले. स्विच आतून गंजला होता. नवीन घातला. धन्यवाद काका.

नवी_जुनी_गाडी

काम झालं, सांगतो. नवी ६३ अँपिअरची डीसी एमसीबी. हिरवा जोड दोन्ही बाजूंनी कापून टाकला, वायर आतपर्यंत काळी पडली होती म्हणून चार इंच मागं जाऊन चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलत गेलो. सहा स्क्वेअर एमएमची नवी वायर, टोकांना दाबून बसवलेले लग (धातूच्या टोप्या), वरून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). गाळ धुवायला पाणी मारलं नाही, कोरड्या ब्रशनं आणि हवेनं काढला. बाकीच्या कनेक्टरना कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवलं.

परत मोजलं. २८ अँपिअरला वायरिंगमध्ये फक्त ०.४ व्होल्ट. गाडी एकदम हलकी वाटते. एकटा असताना संध्याकाळीही पुलिंग आहे.

पण मॅडम म्हणाल्या तसंच झालं. काल संध्याकाळी मेहुण्याला मागं बसवून चढ घेतला, परत डिस्प्लेसकट सगळं गेलं. त्या वेळी उभ्या गाडीत ६०.४ होते. रेंजही अजून ४० च्या आतच.

रंकाळा_फेरी

मी सुरुवातीला बॅटरी बदला म्हणालो होतो, ते न मोजता म्हणालो. तुमचे आकडे वाचून माझ्या भावाच्या गाडीचीही एमसीबी बघायला सांगितलं आहे. पण आता तरी बॅटरीच ना? नेटवर व्हिडिओ आहेत, चार स्क्रू काढले की बॅटरी उघडते. घरीच बघा, पैसे वाचतील.

ओमचा_नियम

नाही. कृपा करून घरी उघडू नका. मी शिकवते, माझ्याकडं साधनं आहेत, तरी मी हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर करणार नाही. आत १६० च्या आसपास सेल असतील, सगळे जिवंत. बॅटरीला बंद करायचं बटण नसतं. एक स्क्रू आत पडला तर निकेलच्या दोन पट्ट्या जुळतात आणि शेकडो अँपिअर वाहतात. लिथियमची आग पाण्याच्या एका बादलीनं विझत नाही आणि तो धूर विषारी असतो. घरात आई आहे तुमच्या.

बाहेरून जे करता येईल ते करा. हिरवा दिवा लागल्यावर चार्जर काढू नका, तुम्ही जागे असताना आणखी चार-पाच तास लावून ठेवा. बीएमएसमधलं बॅलन्सिंग (सगळे सेल एका व्होल्टेजला आणणं) बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यातच चालतं आणि फार सावकाश चालतं. असं तीन-चार वेळा करून व्होल्टेज ६६.५ वरून ६७ कडं सरकतं का बघा. सरकलं तर सेल एकमेकांपासून नुसते भरकटले होते. नाही सरकलं तर एखादा कप्पा (समांतर जोडलेल्या सेलचा गट) खरोखर अशक्त आहे, आणि मग ती बॅटरी दुरुस्त करणाऱ्याकडंच द्यायची. कप्प्यावार व्होल्टेज लिहून देणाऱ्याकडं द्या, नुसतं "झालं काम" म्हणणाऱ्याकडं नको. आणि सेलवर थेट सोल्डरिंग करणाऱ्याकडं तर मुळीच नको. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनंच बसवायच्या असतात, सोल्डरच्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो.

कृष्णाकाठ

मॅडमच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

नवी_जुनी_गाडी

चार वेळा पाच-पाच तास जास्त लावून ठेवली. ६६.५ ची ६६.७ झाली, पुढं हलली नाही. काकांच्या मुलाच्या ओळखीनं एका दुरुस्तीवाल्याकडं दिली, समोर बसून उघडून घेतली. वाळूच्या बादल्या शेजारी ठेवून, हातमोजे घालून काम करणारा माणूस आहे.

आत ओल, गंज काही नाही. माळ्यावर नेणाऱ्या त्या मुलाला मनापासून धन्यवाद. सोळा कप्पे, प्रत्येक कप्प्यात दहा सेल जोडीनं, म्हणजे समांतर. पूर्ण चार्जला पंधरा कप्पे ४.१५ ते ४.१६ वर आणि नववा एकटा ४.२१ वर. मला वाटलं नववाच सगळ्यात तगडा. तो माणूस म्हणाला, उलटं आहे, जो सगळ्यांच्या आधी भरतो तो लहान झालेला असतो. मग लोड लावून बॅटरी अर्धी उतरवली. बाकी कप्पे ३.८ वर, नववा ३.४ वर. लोड वाढवला की तो सरळ तीनच्या खाली जायचा आणि बीएमएस तोडायचं.

नवव्या कप्प्यावरची निकेलची पट्टी धक्क्यांनी एका बाजूनं सुटली होती. दहापैकी चार सेल जोडलेलेच नव्हते. ते चारही सेल मोजले, ठीक निघाले, फक्त इतके दिवस बाजूला पडून होते.

ओमचा_नियम

तुमच्या रेंजचा हिशेब इथं लागतो. एकापुढे एक जोडलेल्या कप्प्यांत सगळ्यात लहान कप्पा जेवढा, तेवढीच पूर्ण बॅटरी. दहातले सहा सेल म्हणजे ६० टक्के. साठातले छत्तीस किलोमीटर. तुम्ही पहिल्या दिवशी ३५ लिहिलं होतं.

ते चार सेल परत जोडण्याआधी कप्प्यातल्या बाकीच्यांच्या व्होल्टेजला आणले का? वेगळ्या व्होल्टेजचे सेल जोडीनं लावले तर एकमेकांत जोरात करंट वाहतो.

नवी_जुनी_गाडी

हो मॅडम, त्यानं आधी चौघांना एकेक करून बरोबरीला आणलं, मगच पट्टी वेल्ड केली. नंतर नववा कप्पा वेगळा भरून बाकीच्यांच्या रांगेत आणला. जुन्या पट्टीऐवजी नवी जाड पट्टी, आणि बॅटरीच्या खोक्यात खाली रबराची गादी, धक्का कमी बसावा म्हणून.

खर्च लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. एमसीबी, वायर, लग, हीटश्रिंक मिळून साडेआठशे. बॅटरीचं काम अडीच हजार. ब्रेकची केबल मीच सैल केली. काकांनी क्लॅम्प मीटरचे पैसे घेतले नाहीत, मुलाच्या हाती पेढे पाठवले.

आज संध्याकाळी मोजलं. उभी ६०.६, चढावर डबल सीट २८ अँपिअरला कंट्रोलरच्या तोंडाशी ५३.४. डिस्प्ले चालू, मोटर चालू. पूर्ण चार्जला आता ६७ दाखवते. रेंज कालच्या चार्जिंगला ५३ किलोमीटर मिळाली, वयामानानं एवढीच राहील असं दुरुस्तीवाला म्हणाला, आणि मला ती पुरते. आईला शुक्रवारी टेंबलाईला नेलं. जाताना चढावर तिनं माझा खांदा घट्ट धरला होता, येताना सोडला.

साधा_फिटर

झ्याक झालं. सहा म्हैन्यांनी एमसीबीचे स्क्रू परत आवळ. नव्या वायरीचं तांबं दबतं, स्क्रू सैल पडत्यात, आन् सैल स्क्रू म्हंजे परत तीच भट्टी.

नवी_जुनी_गाडी

आवळतो काका, कॅलेंडरवर लिहिलं. एक शेवटचं. आधीच्या मालकांना सगळं कळवलं. त्यांच्या भावाकडं याच कंपनीची दुसरी गाडी आहे, त्याच पुरात त्याच अंगणात उभी होती, आणि तीही अलीकडं चढाला मंद झालीय म्हणाले. ती बॅटरी मात्र त्या वेळी गाडीतच होती. त्यांना सांगितलंय की आजपासून ती चार्जिंगला लावू नका, काढून घराबाहेर, पत्र्याच्या शेडखाली मोकळ्यावर ठेवा. रविवारी मी आणि काकांचा मुलगा तिकडं जातोय, फ्लोअरबोर्ड उघडायला. कृष्णाकाठ दादा, तुम्ही जवळच असाल तर याल का?

कृष्णाकाठ

येतो. गावाचं नाव निरोपात पाठवा. दहाला पोचतो.